दगडाचा हत्ती, धातूचा बैल

श्रावणी अमावास्या जवळ आली की आमच्या उदगीर भागातील गावांना पोळ्याचे वेध लागतात. आदल्या दिवशी सायंकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जुवाखाली दबलेल्या बैलांच्या खांद्यांना तूप व हळद लावून ते हलक्या हाताने चोळले जातात. दुसऱ्या दिवशी बैलांना न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, पाठीवर झूल घालतात, गळ्यात घुंगुरमाळा बांधतात आणि पुरणपोळीचा घास भरवतात. ज्यांच्या घरी बैल नसतो, ते मातीचे बैल करून त्यांची पूजा करतात. मुलांनो, ओल्या मातीचा बैल तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. तो करताना एक अडचण हमखास येते. ती कोणती, हे मला एका विद्यार्थ्याने शिकवले. ती हकिगत आधी सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी सहावीच्या वर्गाला व्याकरण शिकवीत होतो. पोळा दोन दिवसांवर आला होता. समासाचे प्रकार फळ्यावर लिहून मी मागे वळलो, तो शेवटच्या रांगेतील एक मुलगा मान खाली घालून काहीतरी करीत असलेला दिसला. जवळ जाऊन पाहिले. पाटीवर काळ्या मातीचा गोळा होता आणि त्यातून एक बैल आकार घेत होता. मला राग आला. मी तो बैल उचलला आणि टेबलावर आपटला. त्याच्या पुढच्या पायाची माती गळून पडली. परंतु पाय काही मोडला नाही. मातीच्या आतून तुराटीची एक बारीक काडी बाहेर दिसू लागली.

"ही काडी कशाला?" मी विचारले.

"गुरुजी, पोट जड असते आणि पाय बारीक असतात," तो हळूच म्हणाला. "ओली माती एवढा भार पेलत नाही. काडी नसली तर बैल खाली बसतो." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "आणि गुरुजी, त्याचे कान चुकले होते. देवणीचे कान असे ताठ नसतात. मी ते पुन्हा करणारच होतो."

वर्ग हसला, मला मात्र हसू आले नाही. मी त्याच्याहून वयाने मोठा, शिकलेला. परंतु देवणी बैलाचे कान कसे असतात, हे मला त्या क्षणी सांगता आले नसते. मी बैल त्याच्या हाती परत दिला आणि म्हणालो, "कान नीट कर. आम्ही सर्व जण पाहतो." त्या दिवशी समास अपुरा राहिला; परंतु मूर्तिकलेचा पहिला धडा मला मिळाला. तो धडा दोन वाक्यांचा आहे. प्राणी घडवावयाचा तर आधी तो नीट पाहावा लागतो. आणि ज्या पदार्थातून तो घडवावयाचा, त्या पदार्थाचा स्वभाव ओळखावा लागतो.

यांपैकी पहिल्या वाक्याचा विचार प्रथम करू. देवणी ही आपल्या मुलखातील नामांकित गोवंशाची जात. उदगीरच्या शेजारच्या देवणी गावावरून तिला हे नाव पडले. या जनावरांचे कपाळ रुंद व किंचित फुगीर असते, कान लांब व खाली लोंबणारे असतात, गळ्याखालची पोळी चांगली सुटलेली असते. रंगावरून त्यांचे वानेरा, बालंक्या व शेवेरा असे प्रकार करतात. वानेऱ्याचे अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळ्या असतात. शेवेऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके वेडेवाकडे पसरलेले असतात. नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या बाजूस गेलात, तर गडद तांबड्या रंगाची लाल कंधारी जनावरे दिसतील. 'बैल' हा शब्द एकच. परंतु डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला प्रत्येक बैल वेगळा दिसतो. जो मूर्तिकार केवळ शब्दावरून बैल करतो, त्याचा बैल कोणत्याच गोठ्यातला नसतो.

आता दुसरे वाक्य. माती, दगड व धातू या तीन पदार्थांचे स्वभाव अगदी निरनिराळे आहेत. मातीत भर घालता येते, काढून घेता येते, चूक झाली तर पुन्हा मळता येते. दगडात भर घालता येत नाही. मूर्तिकार छिन्नी व हातोडी घेऊन नको असलेला भाग काढीत जातो आणि हवा असलेला भाग शिल्लक ठेवतो. एकदा उडालेला कपचा पुन्हा चिकटत नाही. शिवाय दगड भार सोसण्यात बलवान असला, तरी आघाताने किंवा वाकवल्याने चटकन तुटतो. म्हणून बैलाचे भले मोठे शरीर चार बारीक पायांवर दगडात उभे करणे मोठे जोखमीचे असते.

ही अडचण आपल्या जुन्या कारागिरांनी कशी सोडवली, हे पाहावयाचे असेल तर कोणत्याही शिवालयासमोरील नंदीकडे पाहा. तो बहुधा बसलेला असतो. नंदी हा शंकराचा सेवक, तो स्वामीपुढे शांत बसलेला असावा, हा भाव तर त्यात आहेच. परंतु बसलेल्या बैलाचे पाय पोटाखाली व पोटालगत येतात, सारा भार जमिनीवर टेकतो आणि काही मोडण्याचे भय राहत नाही. भक्तीचा भाव आणि दगडाचा स्वभाव येथे एकमेकांशी जुळले आहेत. नंदीच्या पाठीवरील झूल, गळ्यातील घुंगुरमाळा, वशिंडाचा उंचवटा हे सारे नीट न्याहाळा. ज्या कारागिराने हे कोरले, त्यानेही आपल्या गावी बैल सजवलेले पाहिले असणार.

हत्तीची गोष्ट वेगळी. त्याचे पाय खांबांसारखे असतात. म्हणून हत्ती दगडात सुखाने उभा राहतो. वेरूळचे कैलास लेणे तुम्ही पाहिले नसेल, तर अवश्य पाहा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकात, हे प्रचंड मंदिर एका अखंड कातळातून वरून खाली कोरीत आणले. मंदिराच्या जोत्याभोवती हत्ती व सिंह यांच्या रांगा आहेत. सारे मंदिर त्यांनी आपल्या पाठीवर तोलून धरले आहे, असा भास होतो. अंगणात दोन बाजूंस दोन सुटे हत्ती उभे आहेत. ते बाहेरून आणून ठेवलेले नाहीत. भोवतालचा खडक काढून टाकताना तेवढा भाग राखून ठेवला आणि त्यातून हत्ती साकार केले. म्हणजे खडक फोडण्यास आरंभ झाला, तेव्हाच त्या हत्तींची जागा कोणाच्या तरी मनात निश्चित झाली होती!

दगडात धावणारा प्राणी दाखवावयाचा असेल, तर कारागीर आणखी एक युक्ती योजतो. तो प्राण्याला मागच्या दगडापासून पूर्णपणे सोडवीतच नाही. अशा कामाला उठावाचे शिल्प म्हणतात. मागचा दगड आधार देत असल्यामुळे पाय कितीही उचलले, तरी ते मोडत नाहीत. याचे उदाहरण तुमच्या खिशातील नाण्यावर आहे. आपल्या राष्ट्राची राजमुद्रा सारनाथ येथील अशोकाच्या सिंहस्तंभावरून घेतलेली आहे. सिंहांच्या पायांखालील गोल पट्टीवर हत्ती, घोडा, बैल व सिंह असे चार प्राणी उठावात कोरलेले आहेत. त्यांतील घोडा चौखूर धावतो आहे. सुमारे २२०० वर्षे तो धावतो आहे आणि अद्याप त्याला धाप लागलेली नाही! १९५० साली आपण ही मुद्रा स्वीकारली, तेव्हा त्या कारागिराचा घोडा व बैल साऱ्या देशाचे झाले.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील एका खांबाच्या वरच्या भागावर तर कारागिराने गंमतच केली आहे. तेथे चार हरणे आहेत, पण डोके एकच आहे. ज्या हरणाकडे पाहावे, त्याच्याच धडाला ते डोके शोभून दिसते. चारही हरणांच्या बसण्याची व वळण्याची ढब बारकाईने पाहिल्यावाचून अशी जुळणी साधत नाही.

दगडानंतर आता धातूकडे वळू. धातूची मूर्ती छिन्नीने कोरून काढीत नाहीत, ती ओतीत घडवतात. जुनी रीत अशी : प्रथम मेणाचा प्राणी करावयाचा. त्यावर बारीक मऊ मातीचे लेप द्यावयाचे, त्यावर जाड मातीचे थर चढवावयाचे आणि खाली एक छिद्र ठेवावयाचे. माती वाळल्यावर साचा तापवला की आतील मेण वितळून वाहून जाते आणि प्राण्याच्या आकाराची पोकळी मागे उरते. मग भट्टीत वितळवलेला धातू त्या पोकळीत ओतावयाचा. तांबे वितळण्यास १०८५ अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते. त्यासाठी कोळशाच्या भट्टीला भात्याने सतत वारा द्यावा लागतो. तांब्यात कथील मिसळले की मिश्रण कमी उष्णतेवर वितळते, साच्याच्या कानाकोपऱ्यांत चांगले शिरते आणि थंड झाल्यावर तांब्याहून कठीण होते. या मिश्रधातूला आपण कांसे किंवा ब्राँझ म्हणतो. धातू निवाला की साचा फोडावयाचा. आत मूर्ती असते. एका साच्यातून एकच मूर्ती निघते. साचा फोडल्यावाचून ती हाती येत नाही.

धातू दगडासारखा ठिसूळ नसतो. म्हणून त्याचे पाय बारीक असले तरी चालतात. मोठे पुतळे आतून पोकळ ओततात, त्यामुळे त्यांचे वजनही आटोक्यात राहते. दगडात बसून राहिलेला प्राणी धातूत उभा राहतो, चालू लागतो. याचा फार जुना पुरावा आपल्याच महाराष्ट्रात सापडला आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचे गाव आहे. १९७४ साली तेथील एक भिल्ल ग्रामस्थ एका झुडपाच्या बुडाशी खणत असता त्याला मातीत धातूच्या चार वस्तू आढळल्या : एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ. रथात एक माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा आहे. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. रेड्याची उंची सुमारे ३१ सेंटिमीटर आहे. आकार लहान वाटला, तरी या मूर्ती भरीव आहेत. चारही मिळून त्यांचे वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरते. त्यांना ब्राँझच्या मूर्ती म्हणतात, परंतु त्यांत तांब्याचा अंश फार मोठा आहे.

रेडा व गेंडा चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या खालच्या पाटाला आस बसवण्याची सोय आहे. त्याची चाके मात्र हरवली आहेत. चाकांचा लाकडी नंदी तुम्ही ऐकून असाल. विदर्भात तान्ह्या पोळ्याला लहान मुले असा नंदी ओढीत नेतात. दायमाबादच्या मूर्ती मात्र मुलांनी खेळावे इतक्या हलक्या नाहीत. एखाद्या उत्सवात मिरवणूक काढून त्या ओढीत नेत असावेत, असे विद्वानांचे अनुमान आहे. पुढे १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली दायमाबाद येथे मोठे उत्खनन झाले. म. के. ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी या मूर्तींचा अभ्यास केला. त्यांच्या काळाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि त्या सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या, हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील असाव्यात, असे मत मांडले गेले आहे. आज महाराष्ट्राच्या रानात गेंडा आढळत नाही. तो पाहावयास आसामच्या बाजूस जावे लागते. रथाचे ते सडपातळ बैल पाहा. असे बारीक पाय दगडात टिकले नसते.

येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. साठ किलो धातू मोडीत घालून पैसे मिळाले असते. वितळवलेल्या तांब्याला रूप नसते आणि आठवणही नसते. तसे झाले असते, तर त्या अज्ञात कारागिराची सारी दृष्टी एका घटकेत नाहीशी झाली असती आणि ती नाहीशी झाल्याचे आपणास कळलेही नसते. त्या मूर्ती वाचल्या, म्हणून आज आपण त्यांविषयी बोलू शकतो.

अगदी अलीकडच्या काळातील उदाहरण हवे असेल, तर विनायक पांडुरंग करमरकर यांचे घ्या. अलिबागजवळील सासवने या खेड्यात १८९१ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना मूर्ती करण्याचा व चित्रे काढण्याचा नाद होता. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि पुढे इंग्लंडमध्ये जाऊन अधिक अभ्यास केला. पुण्यातील छत्रपती शिवाजी महाराजांचा प्रसिद्ध अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडवला. तो ब्राँझमध्ये ओतलेला असून १९२८ साली त्याचे अनावरण झाले. असा पुतळा घडवताना घोड्याचा अभ्यास स्वाराच्या अभ्यासाइतकाच काटेकोर असावा लागतो. घोडा व स्वार या दोघांचाही भार शेवटी घोड्याच्या पायांवरच यावयाचा असतो. मोठा पुतळा प्रथम मातीत करतात आणि त्या मातीच्या आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा असतो. आमच्या वर्गातील त्या मुलाने तुराटीची काडी घातली, ती याच कारणासाठी! सासवने येथील करमरकरांच्या घरी आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे.

त्या मुलाच्या वर्गाची सहल पुढच्या वर्षी आम्ही वेरूळला नेली. कैलास लेण्याच्या अंगणात इतर मुले धावत वर गेली; हा मात्र एका हत्तीपाशी उभा राहिला. त्या हत्तीची सोंड भंगलेली आहे. तो म्हणाला, "गुरुजी, सोंड मोडली."

मी त्याला सांगितले, "सोंड पुढे आलेली असते. तिला खालून आधार नसतो. म्हणून आघात पहिल्याने तिलाच लागतो."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आत काडी घालता आली नाही ना."

इतक्यात आमच्यातीलच दोन मुले भिंतीपाशी खडा घेऊन उभी असलेली मला दिसली. त्यांना आपली नावे कोरावयाची होती. मी ओरडणार, तोच हा मुलगा त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "हे पुन्हा करता येत नाही रे. हा दगड आहे, माती नव्हे." खडा खाली पडला. मी पुष्कळ भाषणे केली आहेत. परंतु इतके थोडक्यात व इतके खरे मी कधीच बोललो नाही.

मुलांनो, जुनी शिल्पे मोठ्या शहरांतच असतात, असे समजू नका. तुमच्या गावच्या देवळापुढील झिजलेला नंदी, वेशीजवळ मातीत अर्धवट गाडलेली एखादी शिळा, पारावर टेकवून ठेवलेला भग्न दगडी घोडा, हीही कोणा कारागिराची कामगिरीच असते. त्यांवर तेलाचा रंग चढवू नका, खिळ्याने नावे कोरू नका, घाव घालू नका. शेतात काही जुने सापडले, तर ते लपवू अथवा विकू नका; गुरुजींना, तलाठ्यांना किंवा तहसील कचेरीत कळवा. दगड हजार वर्षे ऊन-पाऊस सोसतो; पण एका खिळ्यापुढे तो हतबल असतो.

तो मुलगा पुढे मोठा मूर्तिकार झाला, असे सांगता आले असते तर गोष्ट अधिक गोड झाली असती. पण तसे झाले नाही. तो आज शेती करतो. त्याच्या गोठ्यात देवणी जनावरे आहेत. पोळ्याच्या आधी गल्लीतील मुले त्याच्या ओट्यावर जमतात आणि तो त्यांना मातीचे बैल करावयास शिकवतो. गेल्या पोळ्याला मी मुद्दाम तेथे गेलो. त्याने मला पाट दिला, मातीचा एक गोळा माझ्या हाती ठेवला आणि समोर तुराटीच्या चार काड्या मांडल्या. मी केलेला बैल फारसा चांगला झाला नाही. परंतु तो उभा राहिला. आणि त्याचे कान मात्र बरोबर खाली लोंबत होते.

स्वाध्याय

१. मातीच्या बैलाच्या पायात मुलाने तुराटीची काडी का घातली होती?

२. दगडी नंदी बहुधा बसलेला का असतो? पाठातील दोन्ही कारणे लिहा.

३. उठावाच्या शिल्पात धावणारा घोडा दाखवणे शक्य का होते?

४. मेणाच्या साहाय्याने धातूची मूर्ती कशी ओततात, ते क्रमवार लिहा.

५. 'हा दगड आहे, माती नव्हे' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

६. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या जनावराचे पाव तास निरीक्षण करा. त्याचे कान, शिंगे, पाय व बसण्या-उठण्याची रीत यांचे दहा ओळींत वर्णन करा. नंतर ते जनावर मातीत करून पाहा.